सोन्याचा माग

सोनार आपल्याला ठाऊक आहे. सराफही ठाऊक आहे. घरात लग्न ठरले की आपण त्याच्या पेढीवर जाऊन बसतो आणि गुंजेगुंजेचा हिशोब करतो. पण सराफाकडे सोने येते कोठून? कोणी म्हणेल, मुंबईहून. मुंबईला कोठून येते? बहुतेक परदेशांतून. आणि तेथे? तेथे ते जमिनीतून निघते.

आता जमीन तर सगळीकडे आहे. आपल्या दारातही आहे. मग सोने अमक्याच गावी का सापडते? ज्याला शोधायचे असेल त्याने कोठे पाहावे, आणि काय पाहून समजावे? हा पाठ त्याबद्दल आहे.

यासाठी आपल्याला शेजारच्या कर्नाटकात जावे लागेल. तेथे सोन्याच्या दोन जुन्या जागा आहेत. एक कोलार. बंगळूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर. दुसरी हट्टी. ही रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात आहे. हा रायचूर जिल्हा आपल्याला अगदीच परका नव्हे. १९५६ सालापर्यंत तो मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यातच होता.

जुन्यांनी खणलेले खड्डे

सोने शोधणाऱ्याने पहिल्याने काय पाहावे? खडक? नदी? नाही. आधी जुने खड्डे पाहावेत.

हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दुसऱ्याने खणून नेले तेथे आपल्याला काय उरणार? पण कोलारची हकीकत ऐका.

१७९९ साली टिपू सुलतान पडला. मग इंग्रजांनी म्हैसूर राज्याची हद्द मोजायला माणसे लावली. त्यांत जॉन वॉरन नावाचा एक लष्करी अंमलदार होता. १८०२ साली तो कोलारच्या बाजूला आला. या मुलखात मातीत सोने मिळते, अशी कुजबूज त्याच्या कानावर आली. त्याने बक्षीस लावले. तेव्हा तेथील गावकऱ्यांनी गाडीत माती भरून आणली आणि त्याच्यासमोर पाण्यात धुतली. तळाशी सोन्याचे बारीक कण दिसले. उरिगाम आणि मारिकुप्पम ही ती गावे. तेथे जुने खड्डे होते, आणि काही गरीब लोक त्यांत उतरून दगड काढीत होते, कुटून धुवून पोट भरीत होते.

म्हणजे सोने वॉरनने शोधले असे नाही. ते गावकऱ्यांना आधीच ठाऊक होते. त्यांचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. वॉरन लिहिणारा होता, म्हणून त्याचे नाव राहिले. आता तुम्हीही लिहू लागला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पुढे सत्तर वर्षे गेली. मायकेल लव्हेल नावाचा एक निवृत्त शिपाई बंगळूरला राहत होता. न्यूझीलंडच्या लढाईत तो होता, आणि तेथे त्याने सोन्याच्या खाणी पाहिल्या होत्या. वॉरनचा जुना लेख त्याच्या वाचनात आला. १८७१ साली तो बैलगाडी करून कोलारला गेला आणि जुने खड्डे हिंडून पाहिले. १८७३ साली त्याने म्हैसूर सरकारकडे परवाना मागितला. परवाना मिळाला, पण गाठीला पैसा नव्हता. त्याने आपला हक्क दुसऱ्यांना दिला. १८८० साली विलायतेतील जॉन टेलर आणि सन्स ही कंपनी आली.

कंपनीनेही आधी पैसा घालवलाच. भांडवल संपत आले. भागीदार म्हणू लागले, आता पुरे, काम बंद करा. तेवढ्यात उरलेसुरले पैसे जुन्या खड्ड्यांच्या खाली उतरण्यात घातले गेले. आणि जुन्यांचे खणणे जेथे थांबले होते, तेथून खाली दगड सोन्याने भरलेला निघाला! ही १८८५ सालच्या सुमाराची गोष्ट. या शिरेला पुढे चॅम्पियन शीर म्हणू लागले.

जुने लोक थांबले कशाने? सोने संपले म्हणून नव्हे. पाणी लागले म्हणून. आपण विहीर खणतो तेव्हा पाणी लागले की आनंद होतो. खाणकऱ्याला पाणी लागले की रडू येते. मोट लावून किती उपसणार? शिवाय खाली हवा कोंदते, दिवा विझतो. पाण्याला आणि हवेला हार गेली की जुना खाणकरी वर यायचा. म्हणून जुना खड्डा सापडला की दोन गोष्टी कळतात. येथे सोने होते, आणि खाली ते असण्याचा संभव आहे.

हट्टीचे जुने खाणकरी तर याहून धाडसी. त्यांच्या खाणी काही ठिकाणी सुमारे ६४० फूट खोल गेलेल्या आढळल्या. आपल्या चांगल्या खोल विहिरीच्या दहापट समजा. तेथे सापडलेल्या जुन्या लाकडाचे वय शास्त्रज्ञांनी काढले. ते सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. त्यांच्याकडे सुरुंगाची दारू नव्हती. मग दगड कसा फोडीत? खडकापाशी लाकडे रचून पेटवीत. खडक लाल तापला की त्यावर पाणी ओतीत. खडक तडकला की पहारीने काढीत. जमिनीखाली सहाशे फुटांवर आग पेटवायची, आणि तोच धूर छातीत घ्यायचा! त्या माणसांचे काय हाल होत असतील, याचा विचार तुम्हीच करा.

असे जुने ठिकाण ओळखावे कसे? खड्डे बहुधा बुजलेले असतात. पण ते एका रांगेत असतात, आणि शेजारी फोडलेल्या पांढऱ्या दगडांचे ढीग असतात. जवळच्या उघड्या खडकावर उखळासारखे वाटोळे खळगे दिसतात. ते धान्य कांडायचे नव्हेत, दगड कुटायचे.

जाता जाता एक सांगतो. हट्टीच्या जवळ मस्की नावाचे गाव आहे. १९१५ साली सोने धुंडाळत फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनियराला तेथे एका खडकावर जुनी अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला, आणि त्यात अशोक हे नाव स्पष्ट कोरलेले होते. तोपर्यंत अशा लेखांत राजाची पदवीच सापडत होती. म्हणून या लेखाला फार मान आहे.

खडक कोणता?

जुने खड्डे नसतील तेथे खडक पाहावा लागतो.

कोलार आणि हट्टी येथील खडक आपल्या फत्तरासारखा नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या फत्तराचा आहे. तो ज्वालामुखीतून वाहिलेल्या रसाचा झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोलारचा खडक त्याहून कितीतरी म्हातारा, सुमारे दोनशे सत्तर कोटी वर्षांचा. तो काळपट हिरवा असतो, आणि त्याला पापुद्रे असतात. त्याचा एक लांबट पट्टा दक्षिणोत्तर ऐंशी किलोमीटर पसरला आहे. रुंदी मात्र थोडी, चार-सहा किलोमीटर. दोन्ही बाजूंना करडा कठीण खडक आहे, त्यात हे सोने नाही.

या काळपट खडकात पांढऱ्या गारेच्या शिरा असतात. गार म्हणजे आपली गारगोटीच. फार पूर्वी पृथ्वीच्या पोटातून कढत पाणी वर आले आणि खडकाच्या फटींत शिरले. त्या पाण्यात गार विरघळलेली होती, आणि किंचित सोनेही होते. पाणी निवले, फटीत गार भरली, सोने तिच्यात अडकून राहिले.

पण प्रत्येक गारेत सोने नसते. दुधासारखी स्वच्छ पांढरी गार दिसायला सुंदर, पण बहुधा रिकामी. कोलारची सोन्याची गार धुरकट, निळसर करडी आहे. गारेला तांबूस गंज चढलेला असेल, आत मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली असतील, तर तिच्याकडे नीट पाहावे. त्या भोकांत पूर्वी लोखंड आणि गंधक यांचे खडे होते. ते पावसापाण्याने कुजून गेले. सोने कुजत नाही, ते मागे राहते.

आणि पट्टा ऐंशी किलोमीटरांचा असला, तरी भरघोस सोने निघाले ते त्यातल्या सात-आठ किलोमीटरांत. शेताच्या एका कोपऱ्यातच पीक यावे आणि बाकीचे पड राहावे, तसा हा प्रकार आहे.

ओढा काय सांगतो

डोंगरातली शीर ऊनपावसाने फुटते. तिचे कण ओढ्याने खाली येतात. म्हणून ओढ्याला विचारले तर तो वरचा पत्ता सांगतो. विचारायचे कसे? माती धुवून.

घरात बाई तांदूळ रोळते ते आठवा. भांड्यात पाणी घालून ती हात फिरवते आणि हळूहळू तांदूळ दुसऱ्या भांड्यात सोडते. तांदूळ हलका, तो पाण्याबरोबर पुढे जातो. खडा जड, तो मागे बसतो. शेवटी खडे टाकून देतात. सोन्याची माती अशीच धुतात, फक्त येथे वरचे टाकायचे आणि तळचे ठेवायचे. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड असते. वाळू फक्त अडीच-पावणेतीन पट. म्हणून पसरट लाकडी पाटीत किंवा परातीत माती घेऊन पाण्यात गोल हलवली की वाळू काठावरून निघून जाते. तळाशी काळी जड रेती राहते, आणि नशीब असेल तर तिच्यात पिवळा कण. झारखंडात सुवर्णरेखा नदीच्या काठी गरीब लोक अजून हे काम करतात. आपल्याकडे शहरांत सराफकट्ट्याचा केर आणि गटाराचा गाळ धुणारे झारेकरी हीच विद्या वापरतात.

ओढ्यात कोठची माती घ्यावी? पाण्याची ओढ जेथे मंदावते तेथली. वळणाच्या आतल्या बाजूची, मोठ्या धोंड्याच्या मागची, तळखडकाच्या भेगेतली. वरवरची वाळू घेऊन उपयोग नाही. जड वस्तू तळाला जाते.

मग थोड्या थोड्या अंतरावर एकेक पाटी धुवीत वर वर जायचे. दर ठिकाणी किती कण मिळाले ते वहीत लिहायचे. दोन ओढे मिळाले तर दोन्ही तपासायचे. कण गुळगुळीत, चपटे असतील तर शीर दूर आहे. खडबडीत असतील तर जवळ आहे. आणि एका जागेच्या वर कण मिळायचे एकदम बंद झाले, तर तेथेच थांबायचे. शीर मागे राहिली. आता ओढा सोडून दोन्ही काठांच्या चढावर पाहायचे. गुरे चुकल्यावर खुरांचा माग काढतात, तसाच हा माग.

काही ठिकाणी कण गोळा करायला पारा वापरतात. सोने पाऱ्याला चिकटते. मग तो गोळा तापवून पारा उडवतात. तो उडालेला पारा विष आहे. तो श्वासातून अंगात जातो, हातपाय कापू लागतात, आणि घरातल्या लेकरांनाही बाधतो. चुलीवर तर असले काम कधीच करू नये.

चकाकणारे खोटे

ओढ्याच्या वाळूत पुष्कळदा सोनेरी चमक दिसते. ते बहुधा अभ्रक असते. नखाने दाबले की त्याचे पापुद्रे निघतात आणि ते पाण्यात तरंगत जाते. दगडात पितळेसारखे चौकोनी खडे दिसतात, तो लोखंड आणि गंधक यांचा दगड. वैद्यांचे सुवर्णमाक्षिक त्याच्याच नात्यातले. त्यावर हातोडी मारा. त्याचा चुरा होतो, आणि चुरा काळा असतो. तापवला तर गंधकाचा वास येतो. खरे सोने हातोडीने चपटे होते, फुटत नाही. उन्हात धरा की सावलीत धरा, ते पिवळेच दिसते. खोटे फिरवले की कधी चमकते, कधी काळे पडते.

आमच्या तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आला. तुमच्या बांधाखाली सोने आहे, असे म्हणून त्याने एक चमकता दगड काढून दाखवला. खणायचे यंत्र आणायला आधी पैसे हवेत, म्हणाला. शेतकरी दोन एकर गहाण टाकायला निघाला होता. त्याच्या मुलीने तो दगड आमच्याकडे आणला. आम्ही तिला म्हटले, "बाई, हा दगड राहू दे, आधी तुमच्या बांधाचा एक दगड आण." तिने आणला. बांधाचा दगड काळा फत्तर. तो चमकता दगड पांढऱ्या गारेचा. दोन्ही एका रानातले असणे शक्यच नव्हते. मग ओट्यावरच हातोडी घातली आणि पिवळ्या खड्यांचा काळा चुरा झाला. गृहस्थ पुन्हा फिरकला नाही. शेत राहिले. त्या पोरीने काही शास्त्र शिकलेले नव्हते, पण दगड दुसऱ्याला दाखवावा एवढे तिला सुचले.

दिसले म्हणजे परवडले का?

आता असे समजा की खरेच सोने दिसले. पुढे?

पुढे हिशोब. अडत्या पोत्याच्या तोंडचे धान्य पाहून भाव ठरवीत नाही, आतून मूठ काढतो. तसेच शिरेचे आहे. चमकणारा तुकडा उचलायचा नाही. शिरेच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत सारखी छिन्नी चालवून दगड काढायचा. तो कुटून एकत्र कालवायचा, चार वाटे करायचे, त्यातला वाटा तपासायला पाठवायचा. तेथे तो मुशीत शिशाबरोबर वितळवतात आणि टनाला किती ग्रॅम सोने आहे ते सांगतात.

टन म्हणजे दहा क्विंटल. एक भरलेली बैलगाडी धरा. कोलारला सुरुवातीच्या काळात टनाला चाळीस ग्रॅमच्या वर सोने निघत असे. म्हणजे गाडीभर दगडात जुने साडेतीन तोळे. शेवटी शेवटी ते तीन-चार ग्रॅमवर आले. गाडीभर दगडात पाव तोळा! इतके थोडे सोने डोळ्याला दिसतही नाही. ती गाडी खालून वर आणायची, पिठासारखी दळायची, औषधाच्या पाण्यात धुवायची. मजुरी, वीज, सुरुंग, पंप, सगळे त्या पाव तोळ्यातून.

आणि खाली म्हणजे किती खाली? कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांपेक्षा खोल गेल्या. तेथे खडकच साठ अंशांहून अधिक तापलेला असे. थंड हवा खाली सोडल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नसे. या खाणींसाठी १९०२ साली कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरून वीज आणली, तेव्हा आपल्या देशात वीज फारच थोड्या ठिकाणी होती. पण खडकावर वरचा भार इतका की तो अचानक बंदुकीसारखा फुटे आणि माणसे गाडली जात. तमिळ आणि तेलुगू मुलखातून पोटासाठी आलेले मजूर ते. जे दगडाखाली सापडले नाहीत, त्यांतल्या कित्येकांना दगडाच्या धुळीने फुप्फुसाचे दुखणे लागले. दागिन्याचा भाव विचारताना ही किंमत कोणी सांगत नाही.

१९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, पुढे १९६२ साली त्या केंद्र सरकारकडे गेल्या. सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर काळात कोलारने सुमारे आठशे टन सोने दिले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. खाली सोने अजिबात उरले नव्हते असे नाही. काढायचा खर्च सोन्याच्या किमतीच्या वर गेला होता. पंप थांबले, आणि ज्या पाण्याला जुने लोक हरले होते तेच पाणी पुन्हा खाणींत भरले. खाणकऱ्यांची मुले आता पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात. हट्टीची खाण मात्र चालू राहिली.

कायदा

आपल्या महाराष्ट्रात सोने अगदी नाही असे नव्हे. विदर्भात नागपूर-भंडाऱ्याकडे जुना खडक आहे, तेथे सरकारी भूवैज्ञानिकांना थोडे सोने आढळले आहे. पण सातबारा आपल्या नावाचा असला तरी सोन्यासाठी खाण खणायला १९५७ च्या खनिज कायद्याप्रमाणे परवाना लागतो. नुसता शोध घ्यायलाही लागतो. संशयाचा दगड सापडला तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा खनिकर्म अधिकारी असतो, त्याला नेऊन दाखवावा. दगड कोठे सापडला ते कागदावर लिहून न्यावे. गाव, गट नंबर, किती हात खोल. पुरलेल्या धनाचा कायदा वेगळा आहे. तो १८७८ सालचा. असे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. मंत्र घालून धन काढून देतो म्हणणाऱ्याला मात्र पोलिसांकडेच न्यावे.

कोलारला आता जमिनीवर उंच करड्या टेकड्या दिसतात. त्या देवाने केलेल्या नाहीत. शंभर वर्षे दळून, सोने काढून टाकून दिलेल्या दगडाच्या पिठाच्या त्या आहेत. वारा सुटला की पीठ गावात घरोघरी येते. तीन कोटी टनांहून अधिक माल तेथे पडून आहे. त्यात टनामागे ग्रॅमभरही सोने नाही. पण तो खालून वर काढायचा नाही, दळायचाही नाही. सोन्याचा भावही फार चढला आहे. तेव्हा २००१ साली जो हिशोब तोट्याचा निघाला होता, तो पुन्हा मांडला गेला. २०२४ साली कर्नाटक सरकारने या टेकड्या पुन्हा धुवून सोने काढायला संमती दिली.